दहा पैशांचा फरक

"सध्या काय चाललंय?" समोरच्या ब्लॉकमधल्या कुलकर्ण्यांनी जिन्यात विचारलं. मी म्हणालो, "परिसंस्थांचा अभ्यास करतोय." दोन पायऱ्या खाली उतरलेले कुलकर्णी परत वर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कुठली पतसंस्था? एकीत माझे दोन लाख आहेत. काही ऐकलंत का?"

चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस निवृत्तीनंतर कशाचा अभ्यास करणार, याविषयी लोकांची समजूत पक्की असते. मी जिन्यातच उभा राहून त्यांना सांगितलं, की परिसंस्था म्हणजे तळं, जंगल, माळरान. तिथले प्राणी, झाडं, माती, पाणी आणि त्यांचे आपापसातले व्यवहार. 'व्यवहार' म्हटल्यावर कुलकर्ण्यांची मान पुन्हा संशयानं हलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेव मोडली. त्यांना रांगेत पाहून त्यांच्या साडूंनी मोडली. साडूंना पाहून आणखी कोणी मोडली असेल तर ती जबाबदारी मी घेत नाही. पण या प्रकाराला काय म्हणतात ते मी कोर्सच्या तिसऱ्या आठवड्यातल्या दुसऱ्या व्हिडिओत नुकतंच शिकलो होतो. परिणामानं उलटं कारणालाच बळ द्यायचं, मग कारणानं परिणामाला. याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. नाव पॉझिटिव्ह असलं तरी कुलकर्ण्यांच्या पतसंस्थेला ते तसं वाटण्याचं काही कारण नाही.

हे शिक्षण सुरू झालं त्याला मुलगी कारण. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत घरातले सगळे खण आवरून झाले, 1998पासूनची वीजबिलं तारखेवार लावून झाली, आणि मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर द्यायला घेतले. तेव्हा बंगळूरहून तिचा जुना लॅपटॉप आला. सोबत फोन. "बाबा, आता काहीतरी शिका. मोठमोठ्या विद्यापीठांचे कोर्स घरबसल्या फुकट आहेत. आईवर दया करा."

बँकेतल्या माणसाला 'फुकट' या शब्दाची धास्ती असते. ज्याच्यावर फुकट लिहिलेलं असतं त्याच्या खाली बारीक टाइपात काहीतरी असतंच, आणि ते वाचण्याचाच आम्हाला पगार मिळायचा. मी बारीक टाइप वाचला. शिकणं खरोखरच फुकट होतं. बऱ्याच ठिकाणी पैसे फक्त प्रमाणपत्राला. या वयात प्रमाणपत्र कोणाला दाखवायचं? बायकोला दाखवलं असतं तर तिनं लोणच्याच्या बरणीवर झाकायला घेतलं असतं. पुढे कळलं की अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्या जगाला इंटरनेटवर मोकळं करायचं 2001 सालीच जाहीर केलं होतं. आपल्याकडच्या आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचं एनपीटीईएल त्यानंतर दोनच वर्षांनी सुरू झालं, आणि 2017पासून सरकारचं 'स्वयम' आहे. म्हणजे मी काउंटरवर पासबुकं भरत होतो तेव्हापासून हे ताट वाढून ठेवलेलं होतं आणि मला पाटाचा पत्ता नव्हता.

खरं सांगायचं तर मी या विषयात शिरलो तो चुकून. यादीत 'इको' एवढं वाचलं, इकॉनॉमिक्स समजलो आणि नाव नोंदवून टाकलं. पहिल्याच धड्यात पडद्यावर बेडूक आला. बंद करणार होतो. तेवढ्यात मास्तर म्हणाले की अर्थव्यवस्थेतलं 'इको' आणि परिसंस्थेतलं 'इको' एकच. दोन्हीचं मूळ ग्रीक 'ओइकोस', म्हणजे घर. तेव्हा घर बरोबर होतं, मी फक्त भलत्या खोलीत शिरलो होतो. खोलीत पंखा चालू होता. बसलो.

बेडूकवाले मास्तर भलतेच भरभर बोलायचे. मुलीनं फोनवर युक्ती सांगितली, वेग पाऊण करा. केला. त्यानंतर ते गृहस्थ दोन पेग घेऊन शिकवायला उभे राहिल्यासारखे वाटायला लागले. खालची आपोआप उमटणारी इंग्रजी अक्षरं तर त्यांच्याही पुढे. मास्तर 'सॉइल' म्हणाले की खाली 'सेल' उमटायचं. बायको समोर मटार सोलत बसलेली असायची. एकदा म्हणाली, "अहो, हे गृहस्थ बरे आहेत ना? त्यांना कोणी पाणी द्या म्हणावं."

दुसरा कोर्स मात्र मनात भरला. तो न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इन्स्टिट्यूटचा. 1984 साली निघालेली ही संस्था गुंतागुंतीच्या व्यवस्थांचाच अभ्यास करते. मुंग्यांचं वारूळ, शेअरबाजार, मेंदू, जंगल, सगळं तिथं एकाच ताटात. मेलनी मिचेल या बाई त्यातला पहिला परिचयाचा कोर्स शिकवतात. सावकाश, स्वच्छ, वेग पूर्ण ठेवूनही कळेल असं. किचकट आणि गुंतागुंतीचं या दोहोंतला फरक मला तिथं उमगला. घड्याळ किचकट असतं. उघडलं, चाकं मोजली, परत बसवलं, की पुन्हा टिकटिकतं. जंगल असं उघडून परत बसवता येत नाही. त्यातल्या प्रत्येकाला फक्त आपल्या शेजारच्याशी देणंघेणं असतं, आणि त्या सगळ्या शेजारपणांतून वर काहीतरी असं उभं राहतं जे कोणीच ठरवलेलं नसतं. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांपुढे आणली की हे चटकन कळतं.

आता दहा पैशांचं सांगतो. 1985 साली मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत कॉम्प्युटर नव्हता. लेजर होती, दोन माणसांनी उचलावीत अशी. नोंद शाईनंच करायची. पेन्सिल फक्त बरोबरची खूण करायला. दिवसअखेर जमा आणि नावे जुळले नाहीत तर कोणी घरी जायचं नाही. एके दिवशी दहा पैशांचा फरक आला. सात वाजले, आठ वाजले. माझं लग्न नुकतंच झालेलं. मी खिशातून दहा पैशांचं नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "साहेब, हे घ्या, जुळवून टाका." हेड अकाउंटंट चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "हे दहा पैसे आहेत हे तुला कोणी सांगितलं? एकीकडे दहा हजारांची चूक असेल आणि दुसरीकडे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये नव्वद पैशांची. तुला दिसतेय ती त्यांची वजाबाकी." साडेनऊला चूक सापडली. कोणीतरी लिहिलेले तीस पैसे कोणीतरी वीस वाचले होते. नाणं मला परत मिळालं.

पस्तीस वर्षांनी मिचेलबाईंच्या धड्यातून मी एडवर्ड लॉरेन्झपाशी पोचलो, तेव्हा मला ते नाणं आठवलं. हे लॉरेन्झ एमआयटीत हवामानाचा अभ्यास करायचे. 1961 सालची गोष्ट. कॉम्प्युटरवर एक गणित चाललेलं. त्याचा काही भाग त्यांना पुन्हा पाहायचा होता, म्हणून त्यांनी मधल्याच एका ठिकाणचे आकडे छापील कागदावरून पुन्हा भरले आणि कॉफी प्यायला गेले. तासाभरानं येऊन बघतात तर दुसऱ्या खेपेचं हवामान पहिल्याशी मेळच खाईना. यंत्र बिघडलं नव्हतं. यंत्राच्या पोटात आकडा होता 0.506127, आणि कागदावर जागा वाचवायला छापलेला 0.506. तेवढ्या तुटपुंज्या फरकानं पुढचं सगळं बदललं होतं. मी लॅपटॉप थांबवला आणि आमच्या त्या साहेबांना मनातल्या मनात नमस्कार केला. फरक एवढाच, की आमचे दहा पैसे रात्री साडेनऊला का होईना, सापडायचे. लॉरेन्झच्या हिशेबात ते सापडले तरी पुढच्या अंशातला फरक शिल्लक राहतोच, आणि काही दिवसांच्या हवामानाला तोही पुरतो.

माझ्यासारख्या वहीखात्याच्या माणसाला ही विद्या जड जाईल असं वाटलं होतं. उलटंच झालं, जागोजागी आमचीच मंडळी भेटायला लागली. शिकार आणि शिकारी यांचं जे समीकरण सगळ्या परिसंस्थेच्या धड्यांत पहिल्यांदा येतं, ते 1925 साली मांडणारे आल्फ्रेड लोटका अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत आकडेमोड करायचे. दुसऱ्याच वर्षी ते स्वतंत्रपणे मांडलं इटलीच्या व्हिटो व्होल्तेरा यांनी, आणि तेही जावयापायी. जावई मासळीबाजाराचे आकडे घेऊन बसलेला. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली, आणि बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं. मासेमारी थांबली तर सगळेच मासे वाढायला हवेत, खादाडांचंच फावलं कसं? सासऱ्यांनी दोन खाती मांडली. एक खाल्ल्या जाणाऱ्यांचं, एक खाणाऱ्यांचं. पहिल्यातून रक्कम दुसऱ्यात वर्ग होते, दुसरं फुगतं, मग पहिलं आटतं, मग दुसरंही आटतं, आणि पहिलं पुन्हा भरायला लागतं. जाळ्यानं दोघंही पकडले जातात. पण शिकाऱ्यांचं उत्पन्नच भक्ष्याच्या जोरावर, त्यामुळे जाळं थांबलं की खरा नफा शिकाऱ्यांना. जावयानं आणलेल्या प्रश्नाला सासऱ्यानं दिलेलं इतकं चोख उत्तर मला तरी दुसरं माहीत नाही. आमचा जावई फक्त पासवर्ड विचारतो.

हेच पडद्यावर खेळून बघता येतं. नेटलोगो नावाचा एक प्रोग्रॅम आहे, तोही फुकट. त्यात मेंढ्या सोडायच्या, लांडगे सोडायचे आणि बघत बसायचं. मी पहिल्यांदा सोडले तेव्हा लांडग्यांनी सगळ्या मेंढ्या खाल्ल्या आणि मग उपाशी मेले. दुसऱ्यांदा लांडगे आधी संपले आणि मेंढ्या इतक्या माजल्या की पृथ्वी आता मेंढ्यांची झाली अशा अर्थाचा निरोप देऊन प्रोग्रॅम बंद पडला. मी रात्री बारापर्यंत लांडगे एकाएकानं कमी-जास्त करत होतो. बायको पाणी प्यायला उठली, मागं उभी राहिली. "कुणाच्या मेंढ्या?" म्हणाली. सांगितलं. "खातात काय त्या?" मी म्हणालो, "काही नाही. गवताचं बटण बंद आहे." ती काही न बोलता झोपायला गेली. मी गवताचं बटण चालू केलं. मेंढ्या, लांडगे, गवत, तिघंही खालीवर होत राहिले, पण कोणी संपेना. सकाळी मी तिला हे सांगितलं नाही.

माझं सगळ्यात लाडकं गणित मात्र रॉबर्ट मे यांचं. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, भौतिकशास्त्रातून प्राण्यांच्या संख्यांकडे आलेले. 1976 साली त्यांनी 'नेचर'मध्ये एक निबंध लिहिला आणि त्यात सांगितलं, की हे एक साधं समीकरण विद्यार्थ्यांच्या हाती लवकर द्या. साध्या कॅल्क्युलेटरवर करून बघता येतं. समीकरण असं: या वर्षीची संख्या, गुणिले वाढीचा दर, गुणिले अजून रिकामी असलेली जागा. भरगच्च म्हणजे एक, रिकामं म्हणजे शून्य. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हे चक्रवाढ व्याजच, पण खातं भरत आलं की आपोआप चाप लागणारं. मी जुनी लांब वही काढली, कॅल्क्युलेटर घेतला. दर 2 धरला. दहा ओळींत संख्या अर्ध्यावर येऊन थांबली, फिक्स डिपॉझिटसारखी. 3.2 धरला, एक वर्ष 0.513, पुढचं वर्ष 0.799, पुन्हा 0.513. दोन आकड्यांत झोके. 3.5 धरला तर चार आकड्यांत. आणि 3.9 धरल्यावर जे सुरू झालं त्याला चाल नाही, ताल नाही. वर जातं, आदळतं, मध्येच शहाण्यासारखं वागतं, पुन्हा आदळतं. शेजारच्या रकान्यात मी सुरुवात 0.200ऐवजी 0.201नं केली. पाचसहा ओळी दोघं हातात हात घालून चालले. विसाव्या ओळीपर्यंत ओळखदेखही उरली नव्हती. कोणी फसवत नव्हतं. बाहेरून कोणी ढवळत नव्हतं. दोन गुणाकार, एक वजाबाकी, एवढ्यावर हा सगळा तमाशा. चौतीस वर्षं ज्या विश्वासावर काढली, की नियम पक्का असला की उद्याचा आकडा सांगता येतो, तो विश्वास त्या दुपारी चारच्या चहाच्या आत गेला. चहा मात्र चांगला झाला होता.

गिधाडांचा धडा मी दोनदा पाहिला. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे. मेलेलं गुरू गिधाडं खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. हे कारण उजेडात आलं 2004 साली, जनावरांसाठी ते औषध आपल्याकडे बंद झालं 2006 साली, आणि तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. धडा संपल्यावर गुडघ्याला लावायला मलमाची नळी उचलली आणि सवयीनं बारीक टाइप वाचला. डायक्लोफेनॅक. गुडघ्याला लावायचं की नाही याचा विचार करत थोडा वेळ तसाच बसलो. मग लावलं, माझ्या गुडघ्यापर्यंत गिधाड येण्याची शक्यता कमी आहे.

एक कबुली इथंच देऊन टाकतो. मी आजवर सात कोर्सना नाव नोंदवलं आणि एक पूर्ण केला. मला याची फार लाज वाटायची. पण एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा कोर्सांचा हिशेब 2019 साली प्रसिद्ध झाला, त्यात शंभरातले जेमतेम तीन जण शेवटपर्यंत पोचलेले निघाले. माझं प्रमाण सातात एक. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "मग अर्धवट विणलेल्या माझ्या स्वेटरवर तुम्ही कशाला बोलता?"

आणि आता जास्वंद.

आमच्या गॅलरीत बायकोची लाल जास्वंद आहे. गणपतीला रोज एक फूल, चतुर्थीला पाच, असा तिचा आणि झाडाचा करार. गेल्या उन्हाळ्यात कळ्यांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसायला लागला. मिलीबग. शेतकी पुस्तकांत पिठ्या ढेकूण म्हणतात, आणि तेच नाव जास्त शोभतं. कळ्या वाकड्या झाल्या, पानं चिकट झाली, त्यावर काळी बुरशी चढली, आणि देठांवरून मुंग्यांची ये-जा सुरू झाली. ती म्हणाली औषध मारू. मी तेव्हा पाचव्या आठवड्यात होतो. म्हटलं, "अगं थांब. ही एक व्यवस्था आहे. तिला वेळ दे. आपण घाईनं हात घातला तर काय होईल सांगता येत नाही." ती म्हणाली, "सांगता येतं. फुलं येणार नाहीत." पण औषध नाही मारलं.

मी धड्यात मान घालून बसलो असताना तिनं कुंडीच्या काठाला मुंग्यांच्या खडूनं गोल ओढला. तिचं म्हणणं, मुंग्याच हे ढेकूण आणतात. मी सांगितलं की असं सरळ कारण नसतं. निम्मं तिचं बरोबर होतं. मिलीबगच्या अंगातून गोड चिकटा निघतो, मुंग्या तो पितात आणि बदल्यात त्यांची राखण करतात, गवळ्यानं म्हशींची करावी तशी. त्यांना खायला येणाऱ्यांना चावून हाकलतात. राखणदार गेले. दोनतीन आठवड्यांत कापूस कमी दिसायला लागला.

आणि मला त्यात वेगळेच मिलीबग दिसले. मोठे. केसाळ. पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या सोडलेले, आणि साध्या मिलीबगच्या मानानं चांगले चपळ. मी भिंग आणलं. मनात म्हटलं, ही निवड. दुबळे गेले, दांडगे उरले; हेच उद्या सगळं झाड खाणार. निसर्गात हात घालायचा नाही हे मी तिला सांगितलं होतं, पण ही आणीबाणी होती. कानकोरणीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून मी दोन सकाळी एकेक टिपून काढला. मग लांब वहीत रॉबर्ट मे यांच्या पुढच्या पानावर शाईनं लिहिलं: मोठे मिलीबग, 26. काढले. खाली रेघ मारली, सही केली.

तीन आठवड्यांत झाड पांढरं झालं. शेजारच्या कुंडीतल्या पिवळ्या जास्वंदीलाही लागण झाली.

शेवटी मी फोटो पाठवला नारायणगावच्या एका द्राक्षबागाईतदाराला. 2001 साली माझी बदली जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत झाली होती, तेव्हाचे हे कर्जदार. हप्ता कधी चुकवला नाही, म्हणून ओळख टिकली. मला मोठ्या मिलीबगचा भिंगातून काढलेला फोटो दाखवून औषध विचारायचं होतं. फोन लगेच आला.

"साहेब, ह्ये मिलीबग न्हाईत."

"मग?"

"ह्ये क्रिप्टोचं पिल्लू. क्रिप्टोलेमस. भुंगेरा असतो बघा, डोकं नारंगी, पाठ काळी. त्याची अळी सेम मिलीबगवानी दिसती. मिलीबग खाऊनच जगती. आम्ही बागंत इकत आणून सोडतो. तुमच्याकडं आपसूक आली व्हती? किती व्हत्या?"

मी आकडा सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "साहेब, तुम्ही वसुली अधिकारीच बडतर्फ केले की!"

हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, रॉबर्ट मे यांच्या गावचा म्हणायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो किडींच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला गेला आणि इथलाच झाला. त्याची अळी मिलीबगसारखी दिसते ती उगाच नाही; ते सोंग राखणदार मुंग्यांना फसवायला उपयोगी पडतं असं सांगतात. मुंग्यांचं माहीत नाही. पाच आठवड्यांचा कोर्स केलेला निवृत्त बँक अधिकारी फसतो, याचा मी साक्षीदार आहे.

फोन ठेवताना त्यांनी सहज विचारलं, "बिबट्याचं आठवतंय का साहेब?"

आठवत होतं. कुकडीच्या पाण्यावर ऊस वाढलेला, आणि उसात बिबट्याची मादी व्यालेली. दिवस मावळल्यावर शाखेत कोणी थांबेना. शिपाई साडेपाचलाच शटरकडे बघायचा. पिंजरे लावा, बिबटे धरा आणि दूर जंगलात नेऊन सोडा, असं निवेदन गावानं दिलं. त्यावर माझीही सही होती. शिक्का सुदैवानं मारला नव्हता. फोन ठेवल्यावर त्या रात्री मी शोधत बसलो आणि विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांचा 2011 सालचा अभ्यास सापडला, नेमका जुन्नरचा. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले. मग 29 बिबटे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. पुढच्या काळात हल्ले वर्षाला सरासरी सतरा. जिथं नेऊन सोडले त्या बाजूलाही हल्ले झाले. जो बिबट्या वर्षानुवर्षं माणसांच्या शेजारी मुकाट राहत होता त्याला उचलून परक्या मुलखात टाकलं, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागी दुसरे आले. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना हा आकडा कोणत्या तोंडानं सांगायचा? आम्हा सह्या करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. हिशेबही सोपा होता: 29 वजा. त्या वजाबाकीच्या आड काय लपलेलं असेल, हे विचारायला आमचे हेड अकाउंटंट तिथं नव्हते.

बायकोला मी सगळं सांगितलं. क्रिप्टोचं, आणि तिचा खडू बरोबर होता हेही. गवताच्या बटणाचंही सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे आता औषध मारायचं नाही?" मी म्हणालो, "नाही. भुंगेरे पुन्हा येतील." "कधी?" "सांगता येत नाही." ती म्हणाली, "मग तोवर गणपतीला काय, तुमचं सर्टिफिकेट वाहायचं?" हल्ली ती कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून वाटा आणते. रोजचे वीस रुपये. या फुकटच्या शिक्षणाचा तेवढा खर्च मी मान्य केला आहे.

खडूचा गोल दर चार दिवसांनी मी स्वतः ओढतो. भिंग गॅलरीतच ठेवलंय. परवा एक काळा भुंगेरा दिसला, डोकं नारंगी. आज सकाळची मोजदाद: पिवळ्या जास्वंदीवर पांढरे ठिपके एकतीस, त्यातले चार जरा घाईत होते. मिलीबग 27, क्रिप्टो 4. वहीत लिहून ठेवलंय, पेन्सिलीनं.